नाटकाच्या टेबलावर मिडी कंट्रोलर: रीपरमधली जोडणी नीट कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांना पार्श्वसंगीत ऑपरेट करायचे आहे. लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आहे, कोर्गचा नॅनोकंट्रोल २ (सरकते फेडर, गोल नॉब आणि बटणे असलेला छोटा मिडी कंट्रोलर) नुकताच घेतला आहे आणि शेजारी एका छोट्या कीबोर्डवर सिंथचे पॅड, म्हणजे सिंथेसायझरचे लांबलेले सूर, वाजतात. ‘लर्न’ दाबले की फेडर जोडला जातो, पण तक्रारी चार आहेत. आठवा फेडर हलवला की सिंथचाही आवाज खाली जातो आणि पहिले ‘आर’ बटण दाबले की सूर अडकून बसतात. प्रवेश बदलल्यावर फेडरला हात लावताच आवाज उडी मारतो. फिल्टरचा नॉब जरासा फिरवला तरी भलताच फरक पडतो. नवा प्रोजेक्ट उघडला की सगळे मॅपिंग गायब. आणि शेवटी, याहून मोठा कंट्रोलर घ्यावा का?

मोठ्या कंट्रोलरचे शेवटी बघू. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लर्न हे बटण फक्त ‘हा फेडर त्या पॅरामीटरला’ एवढेच ठरवते. फेडर नेमका काय पाठवतो, ते कोणाकोणापर्यंत पोहोचते आणि पॅरामीटरला कुठून कुठपर्यंत हलू द्यायचे, हे तीन निर्णय आपल्याला घ्यावे लागतात. त्यांतला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी तिथूनच आलेल्या आहेत.

पहिली तक्रार. मिडीत, म्हणजे वाद्ये आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, नॉब-फेडरचे संदेश ‘कंट्रोल चेंज’ म्हणून जातात, बोलीत सीसी. प्रत्येक संदेशात चॅनल (१ ते १६), सीसीचा क्रमांक (० ते १२७) आणि किंमत (० ते १२७) असते. मिडीच्या बाइटमधला सर्वांत वरचा बिट ‘हा हुकूम की हा आकडा’ हे सांगण्यात खर्च होतो, म्हणून किमतीसाठी सातच बिट उरतात आणि १२८ पायऱ्या मिळतात. १९८३ साली सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात एका केबलने जोडून दाखवले, तेव्हा हे पुरेसे होते. आजही बहुतेक कंट्रोलर त्याच १२८ पायऱ्यांवर चालतात. हा आकडा लक्षात ठेवा, फिल्टरपाशी पुन्हा लागेल.

सीसीच्या काही क्रमांकांना ठरलेला अर्थ आहे. १ म्हणजे मॉड्युलेशन व्हील, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल. आता नॅनोकंट्रोल २ कारखान्यातून येतो तेव्हा साध्या सीसी मोडमध्ये काय पाठवतो ते पाहा: फेडर ० ते ७, नॉब १६ ते २३, ‘एस’ बटणे ३२ ते ३९, ‘एम’ बटणे ४८ ते ५५, ‘आर’ बटणे ६४ ते ७१. म्हणजे तुमचा आठवा फेडर पाठवतो सीसी ७, आणि सिंथच्या दृष्टीने तो व्हॉल्यूमच आहे. पहिले ‘आर’ बटण पाठवते ६४, म्हणजे सस्टेन पेडल. ते टॉगलवर ठेवलेले असेल तर एकदा दाबल्यावर १२७ जाऊन बसतो आणि पुन्हा दाबेपर्यंत पेडल खालीच राहते. दुसऱ्या फेडरने पॅड थरथरू लागले तर नवल नको, तो सीसी १ आहे. पहिला फेडर सीसी ०, म्हणजे बँक सिलेक्ट. सिंथ या सगळ्या हाकांना अगदी योग्य उत्तर देतो आहे. एकाच वाड्यात दोन बंडू असले की हाक मारल्यावर दोघेही ओ देणारच.

इलाज दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला खोक्याच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, आत. कोर्गचा ‘कोर्ग कंट्रोल एडिटर’ हा फुकट प्रोग्रॅम घ्या आणि प्रत्येक फेडर, नॉब, बटणाचा क्रमांक बदला. ज्यांना ठरलेला अर्थ नाही असे क्रमांक म्हणजे २० ते ३१ आणि १०२ ते ११९. मी फेडरना २० ते २७ आणि नॉबना १०२ ते १०९ देतो. बटणांना जागा कमी पडली तर ती वेगळ्या चॅनलवर टाका. १२० ते १२७ ला मात्र हात लावू नका. तिथे ‘सगळे आवाज बंद’, ‘सगळे कंट्रोलर मूळ जागी’, ‘सगळे सूर सोडा’ असले हुकूम राहतात आणि भर प्रयोगात ते नको असतात. त्याच वेळी संपूर्ण खोक्याचे चॅनल १६ करून टाका. कीबोर्ड १ वर, कंट्रोलर १६ वर, म्हणजे उद्या काही गडबड झाली तरी संदेश कुठून आला हे एका नजरेत कळते.

दुसरा इलाज रीपरमध्ये. प्रेफरन्सेसमधल्या मिडी उपकरणांच्या यादीत नॅनोकंट्रोलवर डबल-क्लिक केले की दोन वेगवेगळ्या खुणा दिसतात: ‘एनेबल इनपुट फ्रॉम धिस डिव्हाइस’ आणि ‘एनेबल इनपुट फॉर कंट्रोल मेसेजेस’. पहिली खूण असली की त्या उपकरणाचे संदेश ट्रॅकवर जातात. तुमच्या सिंथच्या ट्रॅकचे इनपुट ‘ऑल मिडी इनपुट्स’ असणार, आणि ट्रॅक आर्म केलेला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी सज्ज, असला की फेडरचे संदेशही सिंथच्या पोटात शिरतात. दुसरी खूण असली की संदेश फक्त लर्नसाठी आणि ॲक्शनसाठी वापरले जातात. नॅनोकंट्रोलला पहिली काढा, दुसरी ठेवा. कीबोर्डचे नेमके उलटे करा. एवढ्यानेच पहिली तक्रार संपेल. मग एडिटरची कटकट कशाला, असे वाटेल. ती यासाठी, की उद्या प्रयोगाला दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप येतो आणि तिथली ही खूण कोणी काढलेली नसते.

क्रमांक बदलण्याआधी खोका खरोखर काय पाठवतो ते डोळ्यांनी बघा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडंप. रीपरच्या आतच बघायचे तर रिॲकंट्रोलमिडी हे प्लगइन ट्रॅकवर टाकून त्याचा लॉग उघडा. फक्त त्या वेळेपुरती इनपुटची पहिली खूण चालू हवी, नाहीतर ट्रॅकपर्यंत काहीच येणार नाही आणि लॉग कोरा दिसेल. लॉगमध्ये सीसीऐवजी ‘पिच’ दिसले तर समजा की खोका साध्या सीसी मोडमध्ये नाही. नॅनोकंट्रोल २ मध्ये निरनिराळ्या सॉफ्टवेअरसाठी तयार मोड असतात आणि यूएसबी लावताना ठरावीक बटणे दाबून ते बदलतात. त्यांतल्या एका, मॅकी कंपनीच्या पद्धतीत फेडर पिच-बेंडचे संदेश पाठवतात, प्रत्येक फेडर वेगळ्या चॅनलवर. हा बिघाड नव्हे. पण असा खोका लर्न करायला गेलात तर गोंधळ होतो, म्हणून आधी सीसी मोडमध्ये आणा.

विंडोजवर एक सूचना. बऱ्याच मिडी ड्रायव्हरना एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो. मिडी-ऑक्स उघडा ठेवून रीपर सुरू केलेत तर रीपरला पोर्ट मिळत नाही, आणि एडिटर उघडा राहिला तरी तेच. ‘काल चालत होते, आज कंट्रोलर मेला’ असे सांगत येणाऱ्यांना मी आधी बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करायला सांगतो, ब्राउझरसकट, कारण एखादे उघडे पानही मिडी पोर्ट धरून बसू शकते.

बटणांबद्दल दोन शब्द. एडिटरमध्ये प्रत्येक बटणाला ‘मोमेंटरी’ किंवा ‘टॉगल’ असते. मोमेंटरी बटण दाबल्यावर १२७ आणि सोडल्यावर ० पाठवते. टॉगल बटण एका दाबाला १२७, पुढच्या दाबाला ०. रीपरच्या ॲक्शनला, म्हणजे प्ले, स्टॉप, पुढचा मार्कर वगैरेला, मोमेंटरी हवे. प्लगइनच्या बायपासला (इफेक्ट चालू-बंद करण्याला) लर्न करायचे तर टॉगल हवे, नाहीतर बोट ठेवलेले असेपर्यंतच इफेक्ट बदललेला राहतो. खोक्यातही टॉगल आणि सॉफ्टवेअरच्या बाजूलाही टॉगल असे झाले की बटण एकाआड एक दाबालाच चालते. हे लक्षण दिसले की दोन्हींपैकी एक टॉगल काढा. आणि रेकॉर्डचे बटण प्रयोगाच्या मांडणीत कशालाही जोडू नका. अंधारात बोट एक बटण सरकायला वेळ लागत नाही.

आता उडीकडे. नॅनोकंट्रोलच्या फेडरला मोटर नाही. पडद्यावरचा स्लायडर प्रोजेक्टने किंवा ऑटोमेशनने (टाइमलाइनवर आधीच नोंदवलेल्या बदलांनी) दुसरीकडे नेला तरी हातातला फेडर होता तिथेच राहतो. तुम्ही तो केसभर हलवलात की तो आपली खरी जागा पाठवतो आणि पॅरामीटर तिथे उडी मारतो. शांत प्रवेशात पावसाचा आवाज असा अचानक चढला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळते.

रीपरमध्ये प्लगइनच्या खिडकीत वरच्या ‘पॅराम’ बटणाखाली लर्न आहे. त्याच्या चौकटीत ‘सॉफ्ट टेकओव्हर’ ही खूण असते. ती लावली की फेडर पडद्यावरच्या जागेपाशी येईपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे दुर्लक्ष करते, जागा जुळली की पकडते. प्रत्येक लर्नला ही खूण लावाच. त्याच चौकटीत ‘प्लगइनची खिडकी समोर असेल तेव्हाच’, ‘ट्रॅक निवडलेला असेल तेव्हाच’ अशा आणखी खुणा आहेत. स्टुडिओत एकाच नॉबने दहा प्लगइन चालवायला त्या उत्तम. नाटकात मात्र त्या काढून टाका, कारण खिडकी बंद झाली की फेडर निर्जीव होतो आणि का, ते ऐनवेळी आठवत नाही.

तरी माझे मत असे की सॉफ्ट टेकओव्हर हा उतारा आहे, उपाय नव्हे. प्रयोगात हात फेडरवर आहे, नट वाक्य बोलतो आहे आणि तुम्ही ‘अजून पकडला का?’ म्हणत पडद्याकडे बघता आहात, ही काही काम करण्याची रीत नाही. म्हणून उडीचे मूळच लहान करावे. पावसाचा, गर्दीचा, तानपुऱ्याचा तुकडा टाइमलाइनवरच योग्य पातळीला बसवा, सुरुवातीचा आणि शेवटचा फेड तुकड्यालाच द्या, आणि हातातल्या फेडरला फक्त त्या पातळीभोवतीची कमी-जास्त करू द्या. समजा उणे १० ते अधिक ४ डेसिबल. नाट्यगृह भरलेले आहे की अर्धे रिकामे, आज नट हळू बोलतो आहे की खणखणीत, याला तेवढा पल्ला पुरतो. आता चुकून उडी झालीच तरी ती जास्तीत जास्त १४ डेसिबलची, शांततेतून एकदम पूर्ण आवाजाची नव्हे. शिवाय १४ डेसिबल १२७ पायऱ्यांत वाटले की एका पायरीला साधारण ०.११ डेसिबल येतो, जो कानाला कळतही नाही. उलट एखाद्या प्लगइनच्या स्लायडरचा पल्ला उणे १५० ते अधिक १५० असेल आणि तो तसाच लर्न केला, तर एका पायरीला अडीचच्या आसपास डेसिबल पडतात. तिथे फेडर कितीही हळू सरकवा, आवाज जिन्यावरून उतरल्यासारखाच ऐकू येणार.

अडचण अशी की रीपरच्या साध्या लर्नमध्ये ‘इथून इथपर्यंत’ असा पल्ला ठरवता येत नाही. पूर्ण स्लायडर मिळतो. यावर तीन वाटा आहेत.

मला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे स्वतःचे छोटे जेएसएफएक्स. रीपरमध्ये प्लगइन लिहिण्याची साधी भाषा आतच आहे. नावाची एक ओळ, स्लायडरच्या एक-दोन ओळी आणि त्यात कोनी कंसांत किमान, कमाल व पायरी. आवाजाच्या स्लायडरला किमान उणे १०, कमाल ४, पायरी ०.१ लिहा. खाली दोन ओळींत डेसिबलचे गुणकात रूपांतर (१० चा घात, डेसिबल भागिले २०) आणि डाव्या-उजव्या सॅम्पलला गुणाकार. कधी प्रोग्रॅमिंग न केलेल्या माणसालाही हे तासाभरात जमते. हे प्लगइन ट्रॅकवर ठेवा, त्याचा स्लायडर लर्न करा. फेडर आता त्याच पल्ल्यात फिरेल, बाहेर जाऊच शकणार नाही.

दुसरी वाट पॅरामीटर मॉड्युलेशनची. ‘पॅराम’खालीच ती आहे आणि तिथे एका प्लगइनचा पॅरामीटर त्याच ट्रॅकवरच्या दुसऱ्या प्लगइनच्या पॅरामीटरला बांधता येतो. बेसलाइनने सुरुवातीची जागा ठरते, स्केलने प्रवास किती ते ठरते, स्केल उणे केले की दिशा उलटते. तिसरी वाट रीलर्न नावाच्या प्लगइनची. ते फुकट आहे आणि त्यात प्रत्येक मॅपिंगला किमान-कमाल, उलट दिशा, वक्र, पकडण्याच्या पद्धती असे सगळे मिळते. पुष्कळ मॅपिंग करायचे असेल तर तेच घ्या. पण त्याच्या खिडकीत पहिल्यांदा गेलेला माणूस घाबरतो, म्हणून आठ फेडरच्या नाटकासाठी पहिल्या दोन वाटा पुरेत.

फिल्टरची तक्रारही पल्ल्याचीच आहे. फिल्टरचा कटऑफ, म्हणजे आवाज जिथून कापला जातो ती फ्रिक्वेन्सी, २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत जातो. ही जवळजवळ दहा सप्तके झाली, म्हणजे सुमारे १२० अर्धस्वर. ते १२७ पायऱ्यांत वाटले की नॉबची प्रत्येक पायरी जवळजवळ एका अर्धस्वराची होते. पॅडवर रेझोनन्स (कटऑफपाशी दिलेला उठाव) थोडा चढवलेला असेल तर या पायऱ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट ऐकू येतात. वर त्या नॉबचा सगळा व्यास बोटाच्या पेराएवढा. त्यात उपयोगाचा भाग बहुधा मधलाच असतो, खाली नुसता गाळ आणि वर काहीच बदल नाही. अशा नॉबवर नेमकी जागा सापडणार कशी?

नाटकातले उदाहरण घेतो, कारण ते तुम्हाला लागेलच. गाणे आधी प्रेक्षागृहभर वाजते आणि मग नट रेडिओ लावतो तसे ते रेडिओतून येऊ लागते. किंवा उलटे, रेडिओवरचे गाणे हळूहळू आठवणीतले होऊन पसरते. यासाठी एक नॉब पुरतो, पण त्याने तीन गोष्टी एकदम करायला हव्यात. खालची कात्री (लो-कट) २० हर्ट्झवरून ४०० पर्यंत चढली पाहिजे. वरची कात्री (हाय-कट) २०,००० वरून ३,००० पर्यंत उतरली पाहिजे. आणि या कापाकापीत आवाज पडतो तो थोडा भरून काढायला हवा, दोन-तीन डेसिबलने. वरच्या कात्रीचा प्रवास आता पावणेतीन सप्तकांचा, म्हणजे एका पायरीला अर्धस्वराचा साधारण चौथा भाग. पायऱ्या ऐकू येत नाहीत.

करायचे असे. ट्रॅकवर सर्वांत वर एक जेएसएफएक्स ठेवा ज्यात फक्त एक स्लायडर आहे, ० ते १००, नाव ‘रेडिओ’. आवाजाचे गणित त्यात काहीच नाही, त्यामुळे आवाज त्यातून जसाच्या तसा जातो. त्याच्या खाली रिॲईक्यू हा रीपरचाच इक्वलायझर, त्यात लो-कट आणि हाय-कट. मग रिॲईक्यूच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी आणि खालच्या ट्रिमचा, म्हणजे वर सांगितलेल्या आवाजाच्या जेएसएफएक्सचा, स्लायडर, असे तीन पॅरामीटर त्या ‘रेडिओ’ स्लायडरला मॉड्युलेशनने बांधा. नॉब पूर्ण डावीकडे असताना तिन्हींची सुरुवात बेसलाइनने जुळवा, पूर्ण उजवीकडे नेऊन शेवट स्केलने जुळवा. हाय-कटचे स्केल उणे. आकडे पाठ करून उपयोग नाही, कारण पडद्यावरचा टक्का आणि हर्ट्झ यांचे नाते सरळ रेषेचे नाही. हर्ट्झकडे बघत आणि कानाने ऐकत जुळवा. शेवटी लर्न करायचा तो फक्त ‘रेडिओ’ स्लायडर.

या मधल्या थराचा आणखी एक फायदा आहे. उद्या रिॲईक्यूऐवजी दुसरा फिल्टर वापरायचा ठरला किंवा प्लगइनच्या नव्या आवृत्तीत पॅरामीटरचा क्रम बदलला, तर दुरुस्त करायचे ते आतले दुवे. नॉब, त्याची सवय, त्यावरची चिठ्ठी जागच्या जागी राहते. स्टुडिओतही मी कंट्रोलर थेट महागड्या प्लगइनच्या पॅरामीटरला जोडत नाही, मध्ये असा स्लायडर ठेवतोच.

नॉब फिरवला आणि पॅरामीटर परत आपल्या जागी जाऊन बसला, असे कधी दिसेल. तेव्हा मॅपिंग बिघडलेले नसते. त्या पॅरामीटरवर ऑटोमेशनची रेषा असते आणि ट्रॅक ‘रीड’वर असतो. प्रयोगात एक पॅरामीटर एकतर रेषेच्या ताब्यात द्या किंवा हाताच्या. तालमीत हाताने केलेले नोंदवून ठेवायचे असेल तर ऑटोमेशन नोंदवण्याच्या पद्धतींपैकी ‘लॅच’ वापरा. ‘टच’ला बोट कधी उचलले ते कळावे लागते आणि नॅनोकंट्रोलच्या फेडरला बोटाचा स्पर्श समजत नाही.

आता मॅपिंग गायब होण्याचे. रीपरमध्ये दोन प्रकारची जोडणी दोन ठिकाणी साठते. प्लगइनच्या पॅरामीटरचे लर्न त्या प्लगइनबरोबर, म्हणजे प्रोजेक्टमध्ये राहते. ॲक्शन लिस्टमधली जोडणी (प्रश्नचिन्हाची कळ दाबली की ती यादी उघडते) संपूर्ण रीपरसाठी असते आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चालते. त्यामुळे प्ले, स्टॉप, पुढचा मार्कर, मागचा मार्कर हे ॲक्शन लिस्टमधून जोडा. प्रत्येक क्यूला (ठरल्या क्षणी वाजवायच्या तुकड्याला) टाइमलाइनवर एक मार्कर, म्हणजे खूण, असला की ‘पुढचा मार्कर’ आणि ‘प्ले’ या दोन बटणांवर अर्धा प्रयोग निभावतो. ॲक्शन लिस्टमध्ये पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या ट्रॅकचा व्हॉल्यूम फेडरला जोडण्याच्या ॲक्शनही आहेत आणि त्या मोहात पाडतात. पण त्या ट्रॅकच्या क्रमांकावर चालतात, वर एक ट्रॅक घातला की सगळे एक घर सरकते. शिवाय पूर्ण पल्ला मिळतो, जो आपल्याला नको आहे.

पातळ्यांसाठी टेम्प्लेट करा. आठ ट्रॅक, प्रत्येकावर ट्रिमचे जेएसएफएक्स आधीच लर्न केलेले, ‘रेडिओ’ची साखळी तयार, सिंथचा ट्रॅक कीबोर्डच्या इनपुटवर. हे सगळे प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून साठवा आणि नवे नाटक नेहमी त्यातूनच सुरू करा. एखादाच ट्रॅक दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हवा असेल तर ट्रॅक टेम्प्लेट चालते, लर्नसकट. दुसऱ्या लॅपटॉपवर जाताना प्रोजेक्टबरोबर तुमच्या जेएसएफएक्सच्या फायलीही न्या, नाहीतर प्लगइन सापडणार नाही. आणि एडिटरमधली खोक्याची मांडणीही फाइल म्हणून जपून ठेवा.

रीपर सोडून इतर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. एबलटन लाइव्हमध्ये मिडी मॅपचा मोड (विंडोजवर कंट्रोल-एम, मॅकवर कमांड-एम) उघडला की डावीकडे यादी येते आणि तिथे प्रत्येक मॅपिंगला किमान-कमाल लगेच देता येते. या बाबतीत लाइव्ह रीपरच्या पुढे आहे. तिथल्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टला ‘ट्रॅक’ आणि ‘रिमोट’ अशी वेगळी बटणे असतात, वर सांगितलेल्या दोन खुणांसारखीच. कंट्रोलरला फक्त रिमोट द्या. पकडण्याच्या पद्धतीत ‘पिकअप’ आणि ‘व्हॅल्यू स्केलिंग’ असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्यात फेडर आणि पॅरामीटर हळूहळू एकमेकांजवळ येतात, मला नाटकासाठी तोच सोयीचा वाटतो. क्युबेसमध्ये बाराव्या आवृत्तीपासून मिडी रिमोट आले, ते जुन्या जेनेरिक रिमोटपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. एफएल स्टुडिओत नॉबवर राइट-क्लिक करून ‘लिंक टू कंट्रोलर’, आणि तिथल्या सूत्राच्या जागेत पल्ला बसवता येतो. सॉफ्टवेअर कोणतेही असो, पल्ला कुठे ठरवतात ती जागा आधी शोधा.

प्रयोगाच्या दिवसाच्या दोन-तीन गोष्टी. विंडोजवर कंट्रोलर नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा. दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज कधी कधी त्याला नवे उपकरण समजते, नावाच्या आधी ‘२-’ लावते आणि रीपरच्या यादीत ते बंद अवस्थेत येते. फेडर मेले असे वाटते, पण ती खूण पुन्हा लावायची एवढेच. पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवण्याची सोय बंद करा. ऑडिओचा बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढे सॅम्पल हाताळतो तो गठ्ठा) सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या दराला १०२४ ठेवलात तर तो २१ मिलिसेकंदांचा होतो, आणि अनेक प्लगइन पॅरामीटरचा बदल बफरच्या सुरुवातीलाच घेतात, त्यामुळे भराभर फिरवलेला नॉब खडबडीत वाटतो. २५६ ला तो सुमारे पाच मिलिसेकंदांवर येतो. लॅपटॉपला झेपत असेल तर तिथे आणा. फेडरखाली कागदी टेप लावून जाड पेनाने ‘पाऊस’, ‘तानपुरा’, ‘गर्दी’, ‘रेडिओ’ लिहा. विंगेतल्या निळ्या उजेडात बॉलपेनचे अक्षर दिसत नाही.

मोठ्या कंट्रोलरबद्दल माझे उत्तर: आत्ता नको. फेडर वाढले की जोडायच्या गोष्टी वाढतात, कान मात्र दोनच राहतात. आठपैकी पाच-सहा फेडर आणि दोन नॉब यांच्यापलीकडे प्रयोगात हात जात नाही. उडीचा प्रश्न मुळातून संपवायचा असेल तर दोन प्रकारची यंत्रे बघा. एक, मोटरचे फेडर. ते पडद्याबरोबर स्वतः हलतात, पण जड असतात, महाग असतात आणि शांत प्रवेशात त्यांची खरखर विंगेत ऐकू येते. दुसरा प्रकार न थांबता फिरणाऱ्या एन्कोडरचा, जसे बेहरिंगरच्या एक्स-टच मिनीवर आहेत. त्यांना ‘रिलेटिव्ह’ मोडमध्ये ठेवले की ते जागा पाठवत नाहीत, फक्त ‘एक पायरी वर’, ‘एक पायरी खाली’ एवढेच पाठवतात, त्यामुळे उडीचा प्रश्नच येत नाही. फक्त एक पायरी वर म्हणजे कोणता आकडा, यावर कंपन्यांचे एकमत नाही. कोणी वर १ आणि खाली १२७ पाठवतो, कोणी ६५ आणि ६३, कोणी १ आणि ६५. रीपरच्या लर्नमध्ये या तिन्ही पद्धती रिलेटिव्ह १, २, ३ अशा नावांनी आहेत. चुकीची निवडली, किंवा ॲब्सोल्यूटच राहू दिले, तर नॉब जरा हलवताच पॅरामीटर एकदम टोकाला जातो किंवा मधल्यामध्ये अडखळत राहतो. असे दिसले तर यंत्र परत करायला धावू नका, तिन्ही पद्धती एकेक करून बघा.